कुंदनच्या दीडशे वर्षांच्या विटा

कुंदन भोईरने अख्ख्या तळवलीसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, "टॉवर काय, कोणीपण बांधतो! मी आजोबांची भातगिरणी न पाडता तिच्यात फ्लॅट काढीन. हेरिटेज लॉफ्ट! महाप्याची आयटीवाली पोरं रांग लावतील, रांग!"

रांग कसली! इतक्या महिन्यांत फ्लॅट बघायला आलं ते एक मांजर, आणि तेही उंदरांसाठी. शेवटी गिरणीचे अर्धे मालक गोटीरामकाका यांनी दम भरला, "रविवारपर्यंत एक फ्लॅट बुक झाला नाय, तर गिरनी पाडायची नि टॉवरला द्यायची. मग तू बस माझ्या हापिसात फायली लावत." कुंदन जागच्या जागी गार पडला. काकांच्या हापिसात तो आधी बसून आला होता. तिथे पंखासुद्धा काकांना विचारून फिरायचा!

नशिबाने रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. कामोठ्याचे झैद आणि बतूल हे जोडपं, आणि सोबत झैदची आई खैरुन्निसाबाई. भिंतीच्या उघड्या विटांचे फोटो बघून बतूल खुळावली होती. फोनवर तिने विचारलं, "विटा ओरिजिनल आहेत ना?"

"शंभर टक्के! दीडशे वर्षांच्या!" कुंदनने ठोकून दिलं.

आता आपल्यातच ठेवा, पण गिरणी होती आजोबांच्या काळातली, साध्या सिमेंटच्या ब्लॉकची. विटा होत्या दुकानातल्या, खारी बिस्किटाएवढ्या जाडीच्या, गोंदाने चिकटवलेल्या. गोंदही स्वस्तातला! कंत्राटदार त्या चिकटवत होता तेव्हा आमचे कुंदनशेठ माहितीपत्रकासाठी हाताची घडी घालून फोटो काढून घेत होते.

एवढ्या थोर फ्लॅटला खुर्चीही तशीच जुनाट हवी, म्हणून कुंदन दोन दिवस बाजार धुंडाळत फिरला. धड खुर्ची स्वस्त मिळते आणि मोडकी महाग, हे ज्ञान त्याला तिथे झालं.

नेमकी तेव्हाच त्याची आई गोजराबाई फ्लॅट बघायला आली. दार उघडते तर काय! भिंती उघड्याबोडक्या, छताला पाइप लोंबतायत, दिव्यांना शेड नाही.

"आगो बाय माझे! पोराचं पैसं संपलं! लाजंनं बोलला पन नाय!"

गावात विटा दिसल्या की घर अर्धवट राहिलं, एवढं साधं गणित. त्याला हेरिटेज म्हणतात हे तिला कोण सांगणार? तिने पदर खोचला, भाच्यांना बोलावलं, गवंडी धरून आणला. कुंदनला सरप्राइज द्यायचं म्हणून कोणी त्याला फोनही केला नाही. दोन दिवसांत गिलावा झाला, आणि वरून झकास गुलाबी ऑइल पेंट!

रविवारी खांद्यावर मोडकी खुर्ची आणि मागे पाहुणे घेऊन कुंदनने ऐटीत दार उघडलं. आत सगळं गुलाबी! मधोमध पाण्याचा ट्रे घेऊन गोजराबाई हसत उभी.

"विटा कुठायत?" बतूलने विचारलं.

कुंदनच्या डोळ्यांसमोर काकांचा पंखा फिरला आणि जीभ सुटली. "मॅडम, विटा आत आहेत! हा गिरणीचा मूळ रंग. मुद्दाम परत आणलाय. इंग्रजांच्या काळात गुलाबी भिंतींत तांदूळ निवडायचे. खडे पटकन दिसतात!"

"माशाल्ला!" खैरुन्निसाबाई खूश झाल्या. "आता कसं घर वाटतं. फोटोत तर तबेला दिसत होता."

"नायतर काय!" गोजराबाई म्हणाली. त्या दोघींचं तिथेच जमलं.

"मला नको हा फ्लॅट," बतूल म्हणाली. "चल झैद."

झैद आईलाही हो म्हणणारा आणि बायकोलाही. काही सुचेना म्हणून तो भिंतीला टेकला.

"अहो, ओला हाय!" गोजराबाई ओरडली.

धप्प!

गिलाव्याचं ओझं त्या गोंदाला काय झेपणार! निम्मी भिंत विटांसकट खाली आली. झैदची पाठ गुलाबी झाली. बतूलने एक वीट दोन बोटांत उचलली. कुंदनने मटकन खुर्चीत बसकण मारली आणि खुर्चीसकट जमिनीवर गेला!

तेवढ्यात खैरुन्निसाबाई म्हणाल्या, "ते बघा!"

विटांमागे जुना रंग होता. गोंदाने डागाळलेला, पण गुलाबीच! आणि त्यावर गेरूचे दोन पंजे उठवलेले.

गोजराबाईने ट्रे खाली ठेवला. "माजं हात हायत ते! लगीन होऊन आयले, तवा गिरनीच्या पूजेला सासऱ्यांनी उठवाया लावले." तिने एका पंजावरून बोट फिरवलं. "मला वाटलं, गेलं कवाच."

बतूलने हळूच त्या पंजावर आपला हात ठेवून बघितला. "आणि रंग? तुम्हाला कसा माहीत?"

"त्यात काय माहीत असायचंय? आमच्यात दुसरा रंग मारतो कोन?"

"बघा! मी म्हणालो नव्हतो, मूळ रंग?" कुंदन जमिनीवरून ओरडला.

बतूलने ती खारीएवढी वीट त्याच्यापुढे धरली. कुंदन खुर्चीचे तुकडे गोळा करू लागला.

पण फ्लॅट तिने घेतला. अट एकच, ही भिंत अशीच राहणार, आणि बाकीच्या विटा निघणार. काकांनी टॉवरचं नाव सोडलं. बतूलने पंजांचा फोटो टाकल्यावर तर महाप्याची पोरं खरंच रांग लावू लागली.

परवा त्यातल्या एकाने गोजराबाईला अदबीने विचारलं, "हे रिस्टोरेशन कोणाचं?"

"माजं," पदर सारखा करत ती म्हणाली.

"आणि ते?" कोपऱ्यात धुळीने माखलेला कुंदन छिन्नी घेऊन बसला होता.

"यो व्हय? विटा यानंच लावलेल्या, योच काढतो."