बोढेजींची साइड

समोरचा बॉल सरळ मारणं म्हणजे आमच्या बोढेजींना अपमान वाटायचा. राजूरच्या खाणीवरच्या क्लबात जुन्या साहेबलोकांनी सोडून दिलेलं बिलियर्डचं एक टेबल होतं. त्यावर पांढरा बॉल मधोमध न ठोसता जरा डाव्या-उजव्या अंगाला ठोसला, की तो गरगरत जातो आणि कडेला आपटून भलतीकडेच वळतो. याला साइड म्हणतात. बोढेजींना तिचं व्यसन होतं. बॉल भोकाच्या तोंडाशी बसलेला असो, नुसती फुंकर मारायची बाकी असो, हे साइड देणारच!

"अहो, पण कशाला?" मी कपाळाला हात लावायचो.

"सरळ तं कोनीबी मारते, बाबूसाहेब. त्याले जरा गावातून फिरून येऊ द्या ना!"

बॉल फिरून यायचा खरा, पण भोकात काही पडायचा नाही. आणि हा माणूस खाणीत मोजणीदार! तिथं भुयाराची रेघ बोटभर हलली तर जेवायचा नाही. क्लबात मात्र माझाच जोडीदार. माझं नशीब, दुसरं काय!

बोलणंही तसंच. एकदा रजा मागायला गेले. आधी मॅनेजरसाहेबांच्या कुत्र्याची तब्येत, मग वणीच्या बाजारातली वांगी, मग ऊन. रजेचा विषय निघेपर्यंत साहेब जेवायला निघून गेले होते.

चार वर्षं आम्ही दोघं वणीच्या जोडीकडून दर रविवारी हरलो. मग माझी छिंदवाड्याकडे बदली झाली. शेवटचा रविवार. एकदा, फक्त एकदा जिंकून जायचं, एवढंच मनात होतं. आणि काय सांगू, शेवटच्या बॉलपर्यंत बरोबरी! बॉल भोकासमोर, पाळी बोढेजींची. मी चक्क हात जोडले.

"बोढेजी, पाया पडतो. सरळ मारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्यूच्या काठीला खडू घासला आणि दिली साइड! बॉल भोकाला हुंगून परत आला. मी क्यू आपटला. नाही नाही ते बोललो. माझं तोंड काही थांबेना.

दुसऱ्या दिवशी बसवर मला पोचवायला आले, हातात शिदोरी. मी खिडकीतून दुसरीकडेच बघत बसलो.

"सरळ मारता येते जी मले," ते हळूच म्हणाले. "काल मुद्दाम नाई मारलं. जिंकले असते तं तुमचं इथलं सरलं असतं. माह्या घरी कोन हाय? रविवारी कोनासंगं खेळू मी? तुमी हारून गेले तं येक डाव परत येसान, असं वाटलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाजच वाटली मला. तेवढ्यात बस सुटली.

"दिवाळीले येतो, बोढेजी!" मी खिडकीतून ओरडलो.

धोतर सावरत ते बसमागे धावत होते. "येसान ना जी? याच दिवाळीले ना?"