कार्डावरचं तिसरं डोकं

केकचा डबा उघडल्याबरोबर लव्हॉनला वाटलं, बेकरीत अदलाबदल झाली. पण वरच्या बाजूला गुलाबी क्रीमनं 'कोच डेल्मर, ऐंशी वर्षांचा झालास!' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. फक्त त्या अक्षरांखाली ताटाएवढा चेहरा करून जो माणूस हसत होता, तो डेल्मर स्टुबे नव्हता.

रुंद जबडा, हनुवटीला खळी आणि डोक्याला चिकटून बसलेले शहाणे कान. डेल्मरचे कान असे होते, की दोन्ही बाजूंनी धरून त्याला पातेल्यासारखं उचलावं. म्हातारपणी कान वाढतात असं म्हणतात. पण हनुवटीची खळी बुजते असं अख्ख्या नेब्रास्कात कुणी ऐकलं नव्हतं.

वास्तविक वाढदिवसाचा घाट घालणाऱ्या लव्हॉननं काहीच चूक केली नव्हती. गावातल्या कॅफेच्या गल्ल्यामागे काचेच्या फ्रेममध्ये डेल्मरचं बेसबॉल कार्ड, म्हणजे संघाचे फोटो छापून शौकिनांना विकतात तसलं, लावलेलं असे. त्यावरचं डोकं मोठं करून केकवर छापून घ्यायला तिनं तेच बेकरीत नेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी लीगनं नवे संघ वाढवले, त्यांतल्या टकोमा लॉगर्समध्ये आमचा डेल्मर कोच होता. दुसऱ्या संघांना नको झालेले खेळाडू गोळा करून उभा केलेला तो संघ. कार्ड छापायची वेळ आली तरी त्यांच्या टोप्या शिवून झाल्या नव्हत्या. मग कार्डवाल्यांच्या चित्रकारानं जुन्या फोटोंवरच सगळ्यांना हिरव्या टोप्या रंगवल्या. मध्ये मॅनेजरचा मोठा फोटो आणि खाली ओळीनं चार कोचांची नखाएवढी डोकी. तिसऱ्या डोक्याखाली लिहिलं होतं: डी. स्टुबे. ते नाव गावातल्या प्रत्येकानं वाचलं होतं. डोकं कुणी निरखलं नव्हतं.

लव्हॉननं डेल्मरच्या बायकोला, आर्डिसला, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात ओढत आणलं.

"अगं आर्डिस, मी मेले! कुणाचं डोकं छापून आणलं मी हे?"

आर्डिसनं केककडे पाहिलं आणि तिचा चेहरा बिटासारखा लाल झाला.

"डोकं बरोबर आहे," ती म्हणाली. "म्हणजे, नाव बरोबर आहे."

"म्हणजे?"

"कार्डवाल्यांनी दोन फोटोंची अदलाबदल केली. डेल्मर चवथा आहे, शेवटचा."

"आणि तुला हे ठाऊक होतं?"

"नवरा आहे तो माझा, लव्हॉन! लग्नात बघितला होता मी त्याला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

आर्डिस एप्रनचं टोक पिळत राहिली. "तो कंपनीला फोन करायला उठलाच होता. तेवढ्यात त्यानं आपला खरा फोटो पाहिला. डोळे मिटलेले, तोंड उघडं. म्हणाला, राहू दे. मग आम्ही इकडे परत आलो, तर कॅफेत कार्ड आधीच टांगलेलं. जो तो म्हणतोय, काय रुबाबदार दिसायचास रे कोच! तो गप्प बसला, म्हणून मीही बसले. एकदा गप्प बसलं की मग बोलायचं तरी कुठून सुरू करायचं, सांग?"

चूक आपली नाही हे कळून लव्हॉनला क्षणभर हायसं वाटलं. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"आर्डिस, मी एक गंमत ठेवली होती. डेल्मर सोडून कार्डावरचा एकच कोच आता जिवंत आहे, त्याला मी बोलावलंय. ओमाहाच्या विमानतळावरून माझा नवरा त्याला घेऊन येतोय."

"कोण गं?"

"लू कासाडी."

आर्डिस बटाट्यांच्या पोत्यावर बसली. "हा त्याचाच चेहरा आहे," ती केककडे बोट दाखवून म्हणाली.

जिन्यावर पाहुण्यांची पावलं वाजू लागली होती. दोघींनी कंबर कसली. लव्हॉननं चॉकलेट वितळवून केकवरच्या चेहऱ्यावर चष्मा रेखला. आर्डिसनं दोन बन अर्धे कापून कानांच्या जागी खोचले. खळी बुजवायला क्रीम थापलं, ते ओघळलं आणि माणसाच्या तोंडाला फेस आल्यासारखं दिसू लागलं. फेस झाकायला त्यांनी दाढी रंगवली. आता केकवर एक चकित झालेला बोकड होता.

"बाहेर ने," आर्डिस म्हणाली. "हवाला देवावर."

आमच्या गावच्या लोकांचं एक बरं आहे. कितीही वाईट वाटलं तरी ते वाईट म्हणत नाहीत. "वेगळं आहे" म्हणतात. त्याहून कडक शब्द आमच्याकडे नाही. स्वतःचा गोठा जळाला तेव्हासुद्धा आमच्या ओले बिअर्सननं निखाऱ्यांकडे बघत एवढंच म्हटलं होतं. आता हॅमचे पाव आणि गाजर घातलेली जेली ताटात घेऊन एकेक जण केकपाशी थांबत होता.

"वेगळं आहे," पास्टर म्हणाले.

"फारच वेगळं आहे," त्यांची बायको म्हणाली.

डेल्मर आला. त्यानं केक पाहिला, शेजारी मांडलेलं फ्रेममधलं कार्ड पाहिलं आणि त्याचे कान कडांपासून मध्यापर्यंत लाल झाले. त्यानं आर्डिसकडे पाहिलं. तिनं जेलीकडे पाहिलं. तरीसुद्धा सगळं निभावलं असतं. गाव निमूटपणे बोकड खाऊन घरी गेलं असतं. पण तेवढ्यात जिन्यावरून एक उंच म्हातारा खाली उतरला. केस पांढरे झाले होते, पण जबडा तसाच रुंद होता आणि हनुवटीची खळी जागच्या जागी होती.

सगळ्या हॉलनं त्याच्याकडे पाहिलं. मग केककडे. मग पुन्हा त्याच्याकडे. कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं.

लू कासाडी पूर्व किनाऱ्यावरच्या प्रॉव्हिडन्सचा. तिकडे मनातलं थेट तोंडावर येतं.

"अरे!" तो ओरडला. "आज माझा वाढदिवस आहे? आणि मला हे कान कुणी लावले?"

डेल्मर उभा राहिला. तोंड लपवायला जागा नव्हती, आणि लपवणार तरी कुठलं?

"लू," तो म्हणाला, "चूक कार्डवाल्यांची. पण गप्प बसलो तो मी. तुझा चेहरा घेऊन मी या गावात चाळीस वर्षं मिरवलो. मला लाज वाटते रे."

"वाटायलाच पाहिजे!" लू म्हणाला. "तू तिसऱ्या बेसपाशी उभा राहून खेळाडूंना 'पळ, पळ' म्हणायचास आणि पळणारा धाव पुरी व्हायच्या आत बाद व्हायचा. आणि रस्त्यात लोक कुणाला गाठायचे? कार्डावरच्या चेहऱ्याला! 'ए स्टुबे, डोळे फुटले होते का तुझे?' न्हाव्यानं अर्धी दाढी करून मला दुकानातून हाकललं. तुझ्या वाटच्या सगळ्या शिव्या मी खाल्ल्या, डेल्मर."

"मग तू तरी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तो झोपलेला चेहरा तुझ्या नावावर गेला असता. म्हटलं, हरणाऱ्या संघात याला आणखी कशाला हिणवायचं?"

डेल्मरची मान आणखीच खाली गेली. मिरवला तो, आणि झाकून धरलं लूनं. आर्डिसनं डोळ्यांना एप्रन लावला.

"बघू तरी तो झोपलेला," ओले बिअर्सन म्हणाला.

"नको!" डेल्मर आणि आर्डिस एकदमच म्हणाले. पण फ्रेम ओलेच्या हातात गेली होती. पास्टरच्या बायकोनं पर्समधून भिंग काढलं. ओलेनं चवथ्या डोक्यावर ते धरलं. हिरवी टोपी, तिच्याखालून दोन्हीकडे निघालेले कान, मिटलेले डोळे, सताड उघडं तोंड.

"अरे, हा तर डेल्मर!" ओले म्हणाला.

फ्रेम हातोहात फिरू लागली. "अगदी डेल्मर!" "हुबेहूब!" "प्रवचनातला डेल्मर!"  पास्टरांनी भिंगातून शांतपणे पाहून ओळखीची मान हलवली. दर रविवारी पुढच्या बाकावर नेमका हाच चेहरा त्यांच्यासमोर असे, टोपी तेवढी वजा.

आर्डिसला पोत्यावर जाऊन बसावंसं वाटलं. झाकली मूठ म्हणून जी जन्मभर धरून ठेवली, ती दर रविवारी साऱ्या गावासमोर उघडीच होती.

लूनं सुरी घेतली, बोकडाची दाढी खरवडली आणि हनुवटीचा तुकडा कापून स्वतःच्या ताटात घेतला. "माझं मला," तो म्हणाला.

फ्रेम शेवटी डेल्मरकडे आली. त्यानं चष्मा पुसला आणि भिंगातून चवथ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. 

"वेगळं आहे," डेल्मर म्हणाला.