कुरडयांखालचा पडदा

डॉ. कारभारी औताडे यांनी पडेगावच्या घराच्या गच्चीवर सकाळी वाळत घातलेला पांढरा पडदा दुपारी जागेवर नव्हता. चिठ्ठी तेवढी विटेखाली नीट दाबलेली होती.

चिठ्ठी इंग्रजीत होती. फ्लोरिनचे पॉलिमर, हात लावू नये, वगैरे. आता घरात इंग्रजी वाचणारे एकटे डॉक्टरच, म्हणजे ती त्यांनी स्वतःलाच लिहिली म्हणायची. अकरा वर्षं खपून त्यांना हा दोन हात लांब पडदा साधला होता. त्यातून वाफ आरपार जायची, पाणी मात्र जायचं नाही. खारं पाणी गोडं करायला. प्रयोगशाळेची भट्टी तीन महिने बिघडलेली, म्हणून गच्चीवरचं मे महिन्याचं ऊन. बुधवारी कमिटी येणार होती. हातभर सलग, बिनभोकाचा तुकडा दाखवता आला नाही, तर काम कायमचं बंद.

"आई, गच्चीवरचा पांढरा कागद कुठंय?"

"हा काय," सारजाबाई कुरडया उलटवत म्हणाल्या. "लई गुणाचा हाय. तेलाचं बोट लावलं नाय, तरी कुरडई आपसूक सुटती. अर्धा कापून भागूबाईला दिला."

कारभारींनी कुरडया बाजूला करून तुकडा उजेडाला धरला. आईने तो वापरण्याआधी राख आणि काथ्याने लख्ख घासला होता. दोन जागी आरपार दिसत होतं.

ते शेजारी धावले.

"तो व्हय?" भागूबाई म्हणाल्या. "आमच्या आवडीला धाडला की, सकाळच्याच गाडीनं. तिच्याकडंबी कुरडयाच चालल्यात."

आवडाबाई म्हणजे भागूबाईंची लेक, लासूर स्टेशन गावात दिलेली. कारभारींनी भर उन्हात स्कूटर काढली. तिथे पोहोचल्यावर आवडाबाईंनी आधी पाणी दिलं, मग तक्रार केली.

"भाऊ, तुमचा कागद काय कामाचा नाय. चीक गाळायला पातेल्यावर बांधला, तर पाणी वरच्या वर. थेंब खाली उतरंना."

"एकही नाही?"

"नाय ना. तासभर बघत बसले. मग दाभणानं भोकं पाडली. आता बेस गळतंय."

अकरा वर्षांत त्या पडद्याची इतकी कसून परीक्षा कुणी घेतली नव्हती. तो पासही झाला होता. डॉक्टरांचे डोळे भरून आले. ऊन लागलं, असं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी ते आईजवळ जाऊन बसले आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. वाफ, थेंब, कमिटी. सारजाबाईंचे हात थांबले.

"म्हंजी आपल्या खाऱ्या हिरीचं पाणी पिता आलं असतं?"

"हो."

"मी इचारलं व्हतं रे, तिथं काय करतोस म्हणून. तू म्हणला, तुला नाय कळायचं."

कारभारींनी कुरडयांचा डबा आईपुढे सरकवला.

सारजाबाईंनी वाळलेल्या कुरडया त्यात भरल्या. "कावळे येतात म्हणून मी ह्या कुरडयांपाशी दिवसभर काठी घेऊन बसते," त्या म्हणाल्या. "तुझ्या कागदापाशीबी बसले असते."