आठ ताया आणि एक खो

परवानगी मागून खो देणारी खेळाडू तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. तिचं नाव ईश्वरी ढोले, वय वर्षं आठ.

आमच्या विश्रांतवाडीतल्या इमारतीत ती तळमजल्यावर राहते. जूनमध्ये आई-वडिलांबरोबर वर्ध्याहून आली. बोलताना समोरच्याला 'तुम्ही'. मला 'तुम्ही', दूधवाल्याला 'तुम्ही', जिन्यात आडव्या पडलेल्या मांजरालाही 'तुम्ही सरका ना जरा'. आणि कुणी काही सांगितलं की तिचा पहिला प्रश्न, "काहून?" मला हा वऱ्हाडी 'का?' फार आवडतो. या देशात मोठ्यांनी तो विचारणं केव्हाच सोडून दिलंय.

शाळेच्या खो-खो संघातल्या रियाचा पाय मुरगळला, म्हणून प्रशिक्षक माने सरांनी ईश्वरीला घेतलं. बाकीच्या आठजणी सहावी-सातवीतल्या. हा खेळ मला मनापासून पटतो. ना महागडे बूट, ना अकादमीची फी. नऊ मुली आणि मोकळी जमीन, बस्स. बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' ओरडायचं, की ती उठून पाठलागाला निघणार. ईश्वरी सुसाट धावायची, बसलेल्या मुलीमागे थांबायची आणि म्हणायची, "दीक्षाताई, उठता का? खो."

तोवर पळणारी मुलगी दुसऱ्या टोकाला.

"ढोले," माने सर म्हणायचे, "तुझं आमंत्रण पोचेपर्यंत ती घरी जाऊन जेवून येईल."

कर्णधार दीक्षा तर खवळायचीच. "ए, ताई-बिई नको मला! नुसता खो दे!"

"काहून? मोठ्या आहात ना तुम्ही."

मोसमातले पहिले तीनही सामने संघ हरला. चौथा आणि शेवटचा धायरीच्या संघाशी. आदल्या दिवशी सर म्हणाले, "रियाचा पाय बरा झालाय. उद्या एकदा जरी 'ताई' ऐकू आलं, तर तू बाहेर आणि ती आत."

जिन्यात बसून ईश्वरीनं मला हे सांगितलं, तेव्हा माझ्यातला समतेची पत्रकं वाटणारा कार्यकर्ता पेटलाच. मोठ्यांपुढे वाकायची सवय लहानपणीच मोडली पाहिजे, मैदानात वय नसतं, सगळे समान, असं मी दहा मिनिटं बोललो. तिनं अगदी नीट ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे, दादा. पण वर्ध्याच्या घरी मले चार ताया होत्या. इथं एकही नाही. मैदानावर आठ भेटल्या, तं सर म्हणतात, ताई म्हणू नको." मग थांबून तिनं मलाच विचारलं, "काहून?"

माझ्याकडे या विषयावर एकही पत्रक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ओठ घट्ट मिटून मैदानात उतरली. धाव, थाप, "खो!" धाव, थाप, "खो!" धायरीच्या मुली भराभर बाद झाल्या. आमचा संघ एका गुणानं जिंकला. माने सर चक्क हसले.

मुली नाचायला लागल्या. ईश्वरी मात्र एकेकीला गाठून, बोटांवर मोजत काहीतरी सांगत होती. मी जवळ गेलो.

"सानिकाताई, तुमचे तीन राहिले. ताई, ताई, ताई." सानिका हसतच सुटली. ईश्वरी पुढच्या मुलीकडे वळली. "मृण्मयीताई, तुमचे दोन."

दीक्षा लांब उभी राहून पाणी पीत होती. बाटली खाली ठेवून ती आली.

"माझे किती?"

"तुम्हाले नाही आवडत ना," ईश्वरी म्हणाली. "म्हणून तुमचे मोजलेच नाही."

ईश्वरीकडे पाठ करून दीक्षा उकिडवी बसली, अगदी खो घ्यायला बसतात तशी.

"पाच होते," ती म्हणाली. "मी मोजलेत."