टॉवर ठीक आहे

यंत्राची तब्येत हा कधीच त्या यंत्राचा खासगी प्रश्न नसतो. यंत्र आपलं एका जागी उभं असतं. त्याची तब्येत मात्र अनेक विभागांत वाटून दिलेली असते.

खोऱ्यातल्या टेकडीवरच्या मोबाइल टॉवरचंही तसंच होतं. देखभाल विभाग त्याला मिनिटामिनिटाला विचारायचा, "बरा आहेस ना?" वीज विभाग विचारायचा, "बॅटरी कशी आहे?" नियोजन विभाग विचारायचा, "गर्दी किती?" आणि दक्षता विभाग विचारायचा, "आत्ता कोण कोण विचारून गेलं?" टॉवर बिचारा सालस. सगळ्यांना उत्तरं द्यायचा आणि त्यातून वेळ उरलाच, तर लोकांचे फोनही जोडायचा. फोन लागत नाहीत अशी ओरड वाढली, तेव्हा सर्व विभागांनी प्रकरण गांभीर्याने घेतलं आणि विचारपूस दुप्पट केली.

अशा वेळी कंपनीने समन्वयकसाहेबांना नेमलं, ही कंपनीची दूरदृष्टी. साहेब पद्धतशीर माणूस. त्यांनी एकच नियम केला: टॉवरला विचारायचं ते फक्त आपण, आणि एकदाच. मिळालेलं उत्तर आपल्या माहितीकोठारात ठेवायचं; बाकीच्यांनी ते तिथून घ्यायचं, ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे. दर्जे तीन: पाहणे, पाहून मान डोलावणे, आणि पाहून शेरा मारणे. (दक्षता विभागाला फक्त मान डोलावण्याचा दर्जा मिळाला. तो विभाग अजून दुखावलेला आहे.)

योजना अफाट यशस्वी झाली, हे मान्य करायलाच हवं. पूर्वी एकाच टॉवरबद्दल चार विभागांची चार मतं असत आणि बैठकीत कपबश्या आपटल्या जात. आता सगळ्यांकडे एकच माहिती. मतैक्य शंभर टक्के. पुढे साहेबांच्या लक्षात आलं, की टॉवर दर वेळी "ठीक" एवढंच म्हणतो. मग त्याला उगाच कशाला शिणवायचं? त्यांनी विचारणं आठवड्यावर आणलं, मग सवडीवर. मधल्या काळात कोठार शेवटचं उत्तर आपोआप पुढे चालवत असे. साहेबांच्या संगणकाचा पडदा हिरवागार राहिला.

साहेबांची बायको नेमकी याच सुमारास माहेरी गेली. भांडण किरकोळ होतं. तिने "गॅस बंद केलास ना?" असं दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, "घरात एक प्रश्न एकदाच विचारावा आणि उत्तर जपून ठेवावं." तिने बॅग भरली. तरी दारातून म्हणाली, "पोचले की फोन करते."

फोन आला नाही. साहेबांनी लावला, तर लागेना. माहेर त्याच खोऱ्यात, त्याच टॉवरखाली. साहेबांनी कोठारात पाहिलं: टॉवर ठीक. आता शास्त्रशुद्ध निष्कर्ष एकच उरत होता. बायकोने फोन बंद करून ठेवलाय. साहेबांना आधी राग आला, मग वाईट वाटलं. एकट्यापुरता कुकर लावताना हात सवयीने दोघांचे तांदूळ काढू लागला. पण माहिती म्हणजे माहिती. तेही फुगून बसले.

"साहेब, त्या खोऱ्यातून हल्ली एकही तक्रार येत नाही हो," देखभाल विभागाच्या मॅडम एकदा म्हणाल्या.

"समाधानी ग्राहक," साहेब खिन्नपणे म्हणाले. (तक्रार करायची सोय फक्त फोनवर होती.)

मग एका दुपारी सासरेबुवा धुळीने माखून ऑफिसात हजर झाले. मागे बायको.

"जावईबापू, आमचा टॉवर पडलाय."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "नाही हो बाबा. उभा आहे."

"अहो, वादळात आडवा झालाय. आमच्या शेळ्या चढून बसतात त्याच्यावर. परवा मीही जरा टेकलो होतो."

"आपला पाहण्याचा दर्जा आहे का?" सवयीने साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

बायको पुढे आली. तिचे डोळे भरले होते. "रोज फोन लावत होते तुला. टेकडीवर बाबांना तो आडवा दिसेपर्यंत मला वाटलं, तूच मुद्दाम उचलत नाहीयेस."

"आणि मला वाटलं, तूच…"

"अरे, एकदा येऊन बघायचंस तरी!"

साहेबांनी कोठार मिटलं. कित्येक आठवड्यांनी त्यांनी टॉवरला स्वतः विचारलं. टॉवर काही बोलला नाही. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तातडीने सर्व विभागांना कळवलं, की टॉवर पडला आहे. विभागांनी आपापल्या दर्जाप्रमाणे कोठारात पाहिलं आणि एकमुखाने उत्तर धाडलं: टॉवर ठीक आहे, सासरे हा मान्यताप्राप्त स्रोत नाही, आणि मतैक्य बिघडवणं समन्वयकाला शोभत नाही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग उठले, बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि सासरेबुवांबरोबर खोऱ्याकडे निघाले.

ते अजून तिथेच आहेत. सकाळी नवराबायको टेकडीवर जातात, शेळ्या हाकतात आणि समोरासमोर बसून बोलतात. रजा फोनवरून कळवायची होती, ती अर्थातच राहून गेली. ऑफिसाच्या कोठारात त्यांच्या नावापुढे रोज आपोआप "हजर" लागतं, आणि त्यांच्या कामाबद्दल सर्व विभागांचं मत पूर्वीपेक्षा चांगलं आहे.

तुम्हीही हे सगळं इथवर निवांत वाचलंत. मधे एकदाही फोन वाजला नाही. कुणाला आपली आठवणच नाही, असं म्हणून मनातल्या मनात एकदोघांवर रुसलाही असाल. खुशाल रुसा. फोनच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या पट्ट्या पुऱ्या दिसताहेत ना? मग चूक त्यांचीच.