शरयूकाकूंचं मंडळ

"कप्तानाला मारलं," लिफ्टमध्ये शिरत शरयूकाकू म्हणाल्या. हातात कोथिंबिरीची जुडी होती. "दुसरा उपायच नव्हता."

धायरीच्या या सोसायटीत मी नुकतीच राहायला आले होते आणि शेजारच्या बाईंशी ही माझी पहिली भेट. मी लिफ्टच्या भिंतीला पाठ टेकवून हसले. काही सुचलं नाही की मी हसते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी बोलताना मध्येच अडकतं. हसू अडकत नाही.

"यान आता स्वयंपाकीणबाई चालवतील," असं म्हणून काकू आमच्या मजल्यावर उतरून गेल्या. मी मात्र दार बंद होऊन पुन्हा खाली पोहोचले.

उलगडा हळूहळू झाला. ती परदेशी अंतराळमालिका माझ्या बाबांच्या लहानपणापासून चालू आहे. यान बदलतं, कप्तान बदलतो, एका मालिकेच्या पोटातून दुसरी निघते. काकू आणि काका यांनी ती पहिल्यापासून पाहिलेली. पण आता काकू पाहत नव्हत्या. त्या नव्या मालिका काढत होत्या. नुसती कल्पना नव्हे, तर यानाच्या नावापासून शेवटच्या भागापर्यंत सगळं. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. आणि प्रत्येक कल्पना मंडळापुढे जायची.

"मंडळाला पटलं पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा त्यांनी अख्खी मालिका एका अंतराळस्थानकाच्या सर्वसाधारण सभेवर बेतली. बाहेर शत्रूचा ताफा उभा आणि आत पाणीपट्टीवरून भांडण.

"मंजूर?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"छे! मंडळ म्हणालं, हे आपल्या सोसायटीत फुकट ऐकायला मिळतं."

स्वयंपाकीणबाईंची मालिकाही आपटली. त्या फोडणीच्या वासावरून ग्रह ओळखायच्या, ते मंडळाला आवडलं होतं. पण ज्या यानावर त्या होत्या ते जुन्या एका मालिकेत जळालेलं निघालं. "नियमाला फार कडक," काकू उसासा टाकून म्हणाल्या. "जळलं म्हणजे जळलं."

माझ्या डोळ्यांसमोर परदेशातली एक काचेची इमारत आणि तिच्यात काकूंचे ई-मेल वाचणारे सुटातले लोक. मग एक दिवस मला भीती वाटली. या बाईंना कुणी फसवत तर नाही? धीर करून विचारलं, "काकू, ते मंडळ तुमच्याकडे पैसे मागतं का?"

"पैसे कशाला? चहा मागतं," काकू म्हणाल्या. "मालिका रंगली की मागतं. ज्या दिवशी मागत नाही ना, तो दिवस वाईट जातो. हल्ली तसेच जास्त जातात."

मी पुन्हा हसले. दुसरं काय करणार?

काकांचा आणि माझा संबंध याहून सोपा होता. ते सकाळी दारात खुर्ची टाकून बसत. मी समोरून हसत जायची आणि ते ढिम्म. ओळखीची खूणही नाही. ऐन सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, असणार असाच, असं म्हणून मी सोडून दिलं. खरं तर बोलावं लागत नाही म्हणून मला बरंच वाटायचं.

मग आली काळोखाची मालिका. एक ग्रह, जिथे उजेड कधीच पोहोचला नाही. तिथल्या कुणालाच डोळे नाहीत. यान तिथे उतरतं आणि दिवे जातात ते कायमचे.

मी मोबाइल अॅपचे स्क्रीन डिझाइन करते. जे दिसत नाही त्याला माझ्या धंद्यात किंमत नाही. मी हादरूनच गेले. "पण काकू, टीव्हीवर दिसणार काय?"

"दिसलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?" त्या ताडकन म्हणाल्या. एवढ्या तुटक त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मग जरा थांबून, "ही पडली तर माझ्याकडे दुसरी नाही गं."

पण ती पडली नाही. भाग चालू राहिले, काकू लिफ्टमध्ये गुणगुणू लागल्या. आणि शनिवारी संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात गळ्याला मफलर गुंडाळलेल्या काकू. तोंड उघडलं, तर नुसती हवा.

"आवाज बसलाय," त्या कुजबुजल्या. "आज शेवटचा भाग. मंडळ खोळंबलंय. तू सांग."

"मी? मराठीत?"

त्यांनी माझा हात धरला.

त्यांच्या हॉलमध्ये काका टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि नेहमीसारखी हसले. काका माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "शरयू, कुणाला आणलंयस?"

मी तशीच उभी राहिले. हसू तोंडावर तसंच. इतके महिने मी रोज सकाळी त्या माणसाकडे पाहून हसत होते, आणि तिथून कुणी गेलं एवढंच फार तर त्याला कळत होतं.

काकू माझ्या कानाशी आल्या. "कुणाला कळलेलं त्यांना आवडत नाही. डोळे गेल्यावर पाठ फिरवून झोपून राहायचे. मालिका लागली की उठून बसतात." मग शेवटचा भाग त्या मला वाक्यावाक्यानं सांगू लागल्या आणि मी तो मोठ्यानं म्हणू लागले. यानावर काळोख आहे. कप्तान भिंत चाचपत पुढे जातोय. "चाचपत"ला मी अडखळले, दोनदा. कपाळावर घाम आला.

"वा," काका म्हणाले. "परग्रहवासी झकास जमलाय."

परग्रहवासी यायला अजून बराच अवकाश होता. ते माझं नेहमीचंच मराठी होतं. काकू मफलरमध्ये तोंड खुपसून हसल्या, पण त्याला आवाज नव्हता. मी सांगत राहिले. कप्तानाला अखेर दार सापडतं. पलीकडून कुणीतरी विचारतं, कोण आहे? आणि कप्तान आपलं नाव सांगतो. बस, एवढाच शेवट.

काकूंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, ते दुखायला लागलं.

"मंजूर," काका म्हणाले. "शरयू, चहा टाक. तिघांना. मुली, तू घेतेस ना?"

मी मान हलवून हसले. मग लक्षात आलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "हो काका, घेते."