चारशे तेराव्या हुकुमाची हकीकत

श्री. जे एकदा लिहिले ते कोणाच्याने पुसवत नाही, त्यास आधी नमस्कार. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीचे हे वर्तमान.

एक राज्य होते, आणि त्या राज्यात पाटाचा दरवाजा माणसांच्या हाती नव्हता. दरवाजाचे नियम चिमाबाईंनी एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टात, म्हणजे यंत्रांत आपोआप चालणाऱ्या करारनाम्यात, लिहून ठेविले होते, आणि ते राजाच्यानेही बदलवेना. नेमक्या शब्दांत विचारले तर ते उत्तर देई, परंतु चिमाबाईंच्या मोहोरेचा हुकूम गेला तरच दरवाजा उघडी. हुकुमांस ओळीने क्रमांक पडत. चारशे बारावा हुकूम बाईंनी अंथरुणावरून दिला, आणि मोहोर पती केसोपंत यांचे हाती ठेविली, आणि मग पाचवे दिवशी बाई निवर्तल्या. केसोपंत दरबारी पडद्यामागील चाकर चालवीत, ज्यास लोक बॅकएंड म्हणतात. कॉन्ट्रॅक्टाकडे निरोप नेणे हे त्या प्रोग्रामाचे काम.

मग खालचे पेठेतील पानमळे सुकू लागले, आणि कोंडाबाई मळेकरीण यांनी येऊन सांगितले की उद्या दोन प्रहरांपर्यंत पाणी न आले तर वेल जगत नाहीत. केसोपंतांनी बरे म्हटले आणि चाकरास धाडिले, परंतु मोहोर केली नाही. मोहोरेवाचून निरोप गेला तर कॉन्ट्रॅक्ट मोहोर असती तर काय घडते तेवढे सांगे, आणि करी काहीच नाही. उत्तर आले, "उघडला." हे उत्तर पोकळ हे पंतांस पक्के ठाऊक होते, तरी त्यांनी ते खरे मानिले आणि घरी गेले; कारण मोहोर करावी तर चारशे तेरावा क्रमांक पडता, आणि बाईंचा हुकूम शेवटचा राहिला नसता.

दुसरे दिवशी सकाळी कोंडाबाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "पंत, तुमचा चाकर उघडला म्हणतो, आणि आमच्या पाटात सरडे फिरतात."

पंतांनी खाली पाहून कारण सांगितले. कोंडाबाई उंबऱ्यावर बसल्या, आणि मग त्यांनी विचारिले, "तेरावा लिहिला तर बारावा पुसतो काय?"

"नाही. तो कोणाच्याने पुसवत नाही."

"मग लिहा की. बाईंनीच पाणी देऊन वाढविलेले वेल आहेत ते."

मग केसोपंतांनी मोहोर काढिली, आणि क्रमांक चारशे तेरा घालून हुकूम धाडिला, आणि या खेपेस नुसत्या उत्तरावर न जाता तो कॉन्ट्रॅक्टाचे दप्तरी कायम झाल्याची पोच येईतो जागचे हलले नाहीत. पोच आली, दरवाजा उघडला, आणि दोन प्रहरांचे आत पाणी मळ्यांत पोहोचले. शेवटच्या दोन ओळी वाळल्या, बाकी वेल वाचले.

एकंदर हुकूम चारशे तेरा. त्यांपैकी चारशे बारा चिमाबाईंनी दिले, एक केसोपंतांनी दिला. मोहोर सर्वांवर बाईंचीच आहे. इतके घडले, इतके लिहिले.